शिव्यांचं नातं

मेदून जोपला मी चाळीस वर्षं शिव्या दिल्या आणि त्यानं मला. गुलाम, खादाड, भातावर टपलेला, चोरांच्या घराण्यातला. तो मला काय काय म्हणाला ते सांगत बसले तर इथंच संध्याकाळ होईल. न्जाय आणि जोप या दोन घराण्यांचं आमच्याकडे डाकारात असंच असतं. मी न्जाय, तो जोप. आडनाव कळलं की अनोळखी माणसावरही तोंड सोडायचं आणि त्यानं हसायचं. रागवायचं नाही. जो रागावला त्याला घरच्यांनी काही शिकवलंच नाही असं लोक म्हणतात. एकदा पोलिसानं माझ्या भावाची गाडी अडवली. भावानं त्याच्या छातीवरची पाटी वाचली, तर निघाला जोप. भाऊ म्हणाला, "काय रे गुलामा, मालकाला अडवतोस?" पोलीस हसत हसत बाजूला झाला.

माझा नवरा गेला त्या दिवशी अंगणात बायका रडत होत्या, आणि मेदून येऊन सरळ चटईवर आडवा झाला. म्हणाला, "मलाही घेऊन जा याच्याबरोबर. या न्जाय बाईच्या हातचं खायला आता वाटेकरी उरला नाही, मी एकटा खाऊन खाऊन मरणारच आहे." डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी हसले. त्या घटकेला तो मला सख्ख्या भावापेक्षा जवळचा वाटला. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकून तुम्ही त्याला राक्षस ठरवणार नाही. राक्षस नाही तो. लबाड आहे.

डाकारच्या मेदिना भागातल्या आमच्या गल्लीत त्याच्या वडिलांची काचचित्रांची कार्यशाळा होती. मी शेजारच्या अंगणातली. नऊ वर्षांची असताना निरोप सांगायला गेले आणि तिथंच बसले. थोरल्या जोपांनी मेदूनला आणि मला एकाच बाकावर बसवून शिकवलं. हात माझा चांगला होता. हे मी नाही, ते म्हणायचे. आणि लगेच पुस्ती जोडायचे की न्जायच्या पोरीला एवढं येतं म्हणजे कुणाचं तरी चोरलेलं असणार.

काचेवर सगळं उलट्या क्रमानं चालतं. चित्र काढायचं मागच्या बाजूनं आणि बघायचं पुढून. म्हणजे जे पुढं दिसायला हवं ते आधी काढायचं. आधी काळ्या शाईची रेघ, मग डोळे, दागिने, कापडावरची नक्षी, मग अंगाचा रंग, आणि मागचं आभाळ किंवा भिंत सगळ्यात शेवटी. सही तर सगळ्याच्या आधी, तीही उलटी. एकदा वर रंग चढला की खालचं काही बदलता येत नाही. मग पुठ्ठा लावायचा, कडेनं चिकटपट्टी, की झालं काम.

थोरले जोप गेले आणि कार्यशाळा मेदूनकडे आली. त्याची फ्रेंच चांगली, बोलणं गोड, उंची अशी की कुठलाही पायघोळ बुबू त्याच्या अंगावर शोभावा. परदेशात प्रदर्शनं व्हायला लागली. हाताची सवय मात्र सुटली त्याची. शेवटची अकरा वर्षं तर त्यानं नाकही काढलं नाही कुणाचं. सोमवारी सकाळी चहाचे तीन पेले होईपर्यंत तो वीस कोऱ्या काचांवर सह्या करून ठेवायचा, आणि आठवडाभर मी त्या सह्यांमागं चित्रं काढायची. पैसे वेळेवर द्यायचा, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार होती ती मी पहिल्याच वर्षी केली. चार माणसांसमोर म्हटलं, "मेदून, चित्र मी काढते आणि नाव तुझं लागतं. हे बरोबर नाही." त्यानं दोन्ही हात डोक्यावर मारून घेतले. "ऐका हो ऐका, गुलामाला आता नाव पाहिजे. आज नाव मागतेय, उद्या माझा पलंग मागेल." माणसं हसून हसून लोळली. मीही हसले. दुसरं काय करणार होते? नंतर दर वर्षी एकदा तरी बोलले आणि दर वर्षी तेच झालं. आमच्या नात्यात काहीही बोलायची मुभा आहे, फक्त खरं बोलायची सोय नाही. खरं बोललात की तोच सगळ्यात मोठा विनोद ठरतो.

आता महोत्सवाचं सांगते. दर दोन वर्षांनी एक महिना कलावाले आमचं डाकार डोक्यावर घेतात. लागोस, किन्शासा, नैरोबी, कुठून कुठून चित्रकार येतात. प्रदर्शन म्हणजे एक मोठी इमारत नव्हे. शिंप्याच्या दुकानात, बेकरीत, औषधांच्या दुकानाच्या माडीवर, बंद पडलेल्या गॅरेजात, जागा दिसेल तिथं. ज्या दारावर पिवळा कागद चिकटला ते दार सगळ्यांना उघडं. बेकरीवाला तर ब्रेड देता देता गिऱ्हाइकाला विचारायचा, आमच्या भिंतीवरचं पाहिलंत का, मला काही कळलं नाही, तुम्हाला कळलं तर सांगा.

या वेळी आमच्या कार्यशाळेलाही पिवळा कागद मिळाला. मेदून म्हणाला, "उली, बारा काचा पाहिजेत. काय काढायचं ते तुझं तू बघ." मी ठरवलं, आमच्या गल्लीतल्या बारा बायका. नटलेल्या नाहीत, लाजणाऱ्या नाहीत. कमरेवर हात ठेवून भांडायला उभ्या राहतात तशा. न्देला मासेवाली, तिचा सुरा आणि तिची दुहेरी हनुवटी. आंधळी अस्तू, जिला अख्ख्या गल्लीचा पायरव ओळखू येतो. नवऱ्याला तीनदा घराबाहेर काढून तीनदा आत घेतलेली किने. आणि बारावी माझी आई.

आई जाऊन अठरा वर्षं झाली. फामा न्यांग तिचं नाव. कोपऱ्यावर गुलगुले तळायची. एकदा नगरपालिकेच्या माणसानं तिच्या शेगडीला लाथ मारली, तर उकळत्या तेलातला झारा घेऊन ती त्याच्यामागं बाजारापर्यंत धावली होती. मी तिला तशीच काढली. झारा उगारलेला, तोंड उघडं, आणि त्या उघड्या तोंडात, आमच्याकडच्या जुन्या बायका शोभेसाठी गोंदवून घेत तशा, निळ्याकाळ्या हिरड्या. त्या हिरड्यांचा रंग जमायला मला चार दिवस लागले. काच उचलताना माझा हात थांबला होता, हे कबूल करते. गठ्ठ्यातली वरची काच, कोपऱ्यात मेदूनची सही. वाटलं, हिच्यासाठी तरी बिनसहीची घ्यावी. मग म्हटलं, जाऊ दे, नेहमीसारखंच. ती चूक माझी.

गुरुवारी रोकाया महोत्सवाचं पुस्तक घेऊन आली. रोकाया सांब म्हणजे आमच्या भागातली प्रदर्शनं सांभाळणारी मुलगी, आमच्याच देशातल्या सेंट लुईची, चुणचुणीत. पुस्तकात आमची दोन पानं होती. मी सावकाश वाचते, पण वाचते. क्रमांक बारा. मेदून जोप. "माझी आई". खाली लिहिलं होतं की कलावंताची आई रस्त्यावर गुलगुले तळून मुलांना वाढवत होती आणि तिचा निडरपणा त्याच्या प्रत्येक रेषेत उतरला आहे.

मी ते पुन्हा वाचलं. मेदूनची आई आम्ही सगळ्यांनी पाहिलेली. सोन्याच्या झुमक्यांची, मऊ आवाजाची बाई. गुलगुले तळणं सोडा, तिची चूलसुद्धा मोलकरीण पेटवायची. चांगली होती बिचारी, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्याला त्याची आई पुरे होती. माझी कशाला?

मेदून बाहेर दारावर कापडी फलक बांधून घेत होता. मी तशीच गेले, आणि सवयीनं तोंडातून जे निघायचं तेच निघालं. "ए खादाडा, माझी आई तुझी कधीपासून झाली?"

"गुलामाची आई मालकाचीच असते," तो वळूनही न बघता म्हणाला. शिडीवरचा माणूस इतका हसला की त्याला खांब धरावा लागला.

"मेदून, मी हसत नाहीये."

"बघा, बघा, कशी करते ती. चेहऱ्यावरची माशी हलत नाही. न्जायच्या घरात नाटकं मात्र छान शिकवतात."

मी रोकायाकडे वळले. "पोरी, ती माझी आई आहे. चित्रंही माझी आहेत, सगळी." रोकायानं माझा हात दाबला आणि डोळे पुसत म्हणाली, "उली मावशी, तुम्हा दोघांनाच खरं तर महोत्सवात ठेवायला हवं होतं." डोळे ती हसून हसून पुसत होती. आमचीच मुलगी ती. न्जाय जोपवर ओरडतेय म्हटल्यावर तिला तरी दुसरं काय वाटणार?

सगळे गेल्यावर मेदून माझ्याजवळ आला, आवाज खाली घेऊन. "अगं, पुस्तकवाल्या बाईनं विचारलं ही कोण, आणि माझ्या तोंडून निघून गेलं. तिला इतकं आवडलं, की मग मागं घेता येईना. आता छापलंय. तुझी आई ती माझी आई नव्हे का? तिचे गुलगुले मीही खाल्लेत."

"अर्ध्या मेदिनानं खाल्लेत. मग तिला अर्ध्या मेदिनाची आई म्हणायचं का?"

"आता ताणू नकोस. शनिवारी लोकांसमोर काच कशी रंगवतात ते दाखवायचंय. मी सही करून काच तुझ्या हातात देतो, तू काढ, मी समजावून सांगतो. मदतनीस म्हणून तुझी ओळख करून देतो ना सगळ्यांना. मग तर झालं?"

मदतनीस. त्यावर बोलले असते तर ते पुन्हा हसण्यावारी गेलं असतं.

शुक्रवारी भात शिजत होता आणि माझं डोकं त्याच्याहून जास्त. ओरडावं? ओरडणं आमच्यात रोजचंच. रडावं? म्हणेल, वा, काय नटी आहे. काच फोडावी? फोडून काय होणार, तुकडे आईच्याच चेहऱ्याचे होणार. त्याचं नाव सगळ्यात पुढं आणि ती त्याच्या मागं. नाव खरवडायचं तर आधी तिला खरवडावं लागेल. लाकडी चमचा हातात धरून मी किती वेळ उभी होते कोण जाणे, भात खाली लागला. आणि मग मला सुचलं. करायला अगदी सोपं होतं. ते एकदा केलं की परत फिरता येणार नव्हतं, हेही कळत होतं. पण आईचं नाव जाऊ द्यायचं नाही, एवढं पक्कं झालं होतं.

शनिवारी दुपारच्या नमाजानंतर अंगण भरलं. परदेशातले पाहुणे, कॅमेरेवाले, घानाचा एक शिल्पकार, आणि पुढच्या दोन रांगांत आमच्या गल्लीतल्या बायका, ठेवणीतल्या कपड्यांत, आपापल्या चित्राखाली. मेदून निळ्या बुबूत. त्यानं वडिलांबद्दल सांगितलं, काचेबद्दल सांगितलं, छान सांगितलं. मग कोरी काच टेबलावर ठेवली, बारीक कुंचला बुडवला आणि कोपऱ्यात सफाईनं उलटी सही केली. टाळ्या पडल्या. "आणि आता माझी मदतनीस, माझी गुलाम, न्जायच्या घराण्याची बदनामी, उलिमाता." आमच्या बायका हसल्या. माझ्या उत्तराची वाट बघू लागल्या, मी आता त्याची कशी सालं काढते.

मी टर्पेंटाइनचं फडकं घेतलं आणि त्याची ओली सही पुसून टाकली. काच पुन्हा स्वच्छ झाली. त्यालाही लोक हसले, गंमत म्हणून.

मग मी त्याच्यासमोर उभी राहिले. डोळे खाली घातले, गुडघे जरासे वाकवले, परक्या मोठ्या माणसासमोर वाकवतात तसे.

"नमस्कार, जोपसाहेब. आपण बरे आहात ना? घरची मंडळी बरी आहेत? मुलं बरी आहेत? आपलं काम बरं चाललंय ना?"

त्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. पुढच्या रांगेत न्देला पंख्यानं वारा घेत होती, तो पंखा थांबला.

"जोपसाहेब, बाराव्या चित्रातली बाई माझी आई आहे. तिचं नाव फामा न्यांग. ते चित्र मी काढलं. बाकीची अकराही मीच काढली आहेत. आपण कृपा करून हे आपल्या पाहुण्यांना सांगावं."

पाहुण्यांना काही कळलं नसेल, पण आमच्या माणसांना सगळं कळलं. मी आवाज चढवला नव्हता, एक वाकडा शब्द उच्चारला नव्हता.

मेदूननं प्रयत्न केला. हात पसरून म्हणाला, "अगं ए गुलामे, कुणाचा भात चोरून खाल्लास आज, एवढी सभ्य झालीस?" मागं कुणीतरी परदेशी माणूस हसला, आणि आपण एकटेच हसतोय हे कळल्यावर गप्प झाला.

"आपण मला तसं बोलू नये, जोपसाहेब. आपलं तसं नातं नाही."

हे वाक्य आमच्यात कुणी कुणाला म्हणत नाही. भांडणात नाही, कोर्टात नाही. मी म्हटलं. मेदून एकदम म्हातारा दिसायला लागला. माझ्याकडे झुकून हळूच म्हणाला, "उली, असं नको करूस गं." त्या क्षणी मी डळमळले. तो चटईवर आडवा झाला होता तो दिवस डोळ्यांपुढं आला. पण त्याच्या खांद्यामागं भिंतीवर आई झारा उगारून उभी होती, आणि तिच्या पायाशी त्याचं नाव.

मी कुंचला त्याच्यापुढं धरला. "काच कोरी आहे, जोपसाहेब. आपल्या आईचं चित्र आपण काढा. सगळं नको. नुसत्या हिरड्या काढा."

त्यानं कुंचला घेतला. घेतला हे खरं. काचेपर्यंत नेलाही. मग तसाच धरून राहिला.

न्देला उठली. तिचा आवाज मासळीबाजारातला, त्याला माईक लागत नाही. "ती फामा न्यांग आहे. माझ्या बारशाचे गुलगुले तिनंच तळले होते, आणि माझ्या पोरांच्याही." आंधळ्या अस्तूनं बसल्या जागेवरून विचारलं, "फामाला कुणी दुसऱ्याची आई म्हणालं का? कोण म्हणालं?" किने म्हणाली, "पुस्तकात छापलंय, आजी." आणि अस्तू एवढंच म्हणाली, "मग पुस्तक दुरुस्त करा." रोकाया खाली मान घालून उभी होती. गुरुवारी आपण कशाला हसलो हे आता तिच्या लक्षात आलं होतं.

मेदूननं कुंचला टेबलावर ठेवला. पाहुण्यांकडे वळला आणि फ्रेंचमध्ये, सरळ, एकही नखरा न करता म्हणाला, "बाईंचं बरोबर आहे. चित्रं मादाम न्जाय यांची आहेत. बाराव्या चित्रात त्यांची आई आहे." आणि माझ्यासाठी खुर्ची मागं ओढून तो गर्दीतून बाहेर गेला.

मी बसले. आधी दोन वेळा शाई टिपली. मग काचेच्या कोपऱ्यात, सगळ्याच्या आधी, उलटं लिहिलं: उलिमाता न्जाय, फामा न्यांगची मुलगी. आणि झाऱ्यापासून सुरुवात केली.

बाराही चित्रांखालच्या पाट्या रविवारी बदलल्या. काचांवरची त्याची नावं मात्र तशीच आहेत, ती जाणार नाहीत. बघणारा नाव वाचतो, मग पाटी वाचतो, मग विचारतो, आणि विचारलं की गल्लीतली कुठलीही बाई त्याला सगळं पहिल्यापासून सांगते. आता मी माझ्याच अंगणात काम करते. लोक म्हणतात, एवढं टोकाला जायची काय गरज होती, तुमचं इतकं जुनं होतं. मी म्हणते, मला दुसरा रस्ता दाखवा. अजून कुणी दाखवलेला नाही.

परवा जेवायच्या वेळी मेदून माझ्या दारावरून जात होता. माशाचा भात नुकताच उतरवला होता, वास रस्त्यापर्यंत गेलेला. तो थांबला. मी वाट बघितली, खोटं कशाला बोलू. एखादी सणसणीत शिवी देईल, आणि मी तिच्यापेक्षा सणसणीत परत देईन.

"कशा आहात, मादाम न्जाय?" तो म्हणाला.

"बरी आहे, जोपसाहेब. जेवून जा ना."

"नको बाई. आपल्याला उगाच त्रास."

तो गेला आणि मी वाडगं हातात धरून रडले. रडले म्हणून काही बदलत नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करीन.